पत्र्यावरचं बारदान

२ मार्च, रविवार

वही विकत घेतली आहे, कंपनीच्या स्टोअरमधून उचललेली नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण माझी बायको मेघा विचारणारच. क्वालिटी विभागात वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाचे आकडे लिहिले. आता घरचे लिहितो.

निमित्त झालं दादाच्या फोनचं. इंद्रजीतदादा पुण्याहून म्हणाला, "यंदाचा उन्हाळा आई त्या पत्र्याच्या खोलीत काढणार नाही. चौदा एप्रिलची जयंती झाली की मी येतो आणि तिला कायमचं घेऊन जातो." गेल्या मे महिन्यात आईला वरच्या खोलीत भोवळ आली, दोन दिवस सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून त्याच्या मनात हे आहे. त्याचं चूक नाही. पण थोरल्या भावानं "तुझ्या छपराखाली आई भाजते" म्हटलं की जिव्हारी लागतं.

बजाजनगरातलं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि गच्चीवर पत्र्याची एक. खाली मेघाचं शिवणकाम, दिवसभर मशीन आणि बायकांची ये-जा. आईला दुपारी आडवं व्हायला लागतं, म्हणून ती वर. गेल्या वर्षी कूलर लावला, तर वीज गेली की तोही गार आणि खोली गरम.

मी दादाला म्हणालो, विजेशिवाय खोली गार करून दाखवतो. तो हसला. मग सौदा ठरला. जयंतीच्या आधीचे दहा दिवस दुपारी तीनला खोलीत छत्तीस किंवा त्याच्या खाली राहिलं, तर आई इथंच. आईला जाऊन सांगितलं. ती मेथी निवडत होती. "तुमी दोघं ठरवा," म्हणाली. तिला काय, इथं काय नि पुण्यात काय. उलट पुण्यात लिफ्ट आहे.

आज तीन वाजता बाहेर ३६, खोलीत ४१.३. आणि हा अजून मार्च आहे.

५ मार्च, बुधवार

एका संशोधकाचं भाषण मोबाइलवर तिसऱ्यांदा ऐकलं. झाडाचा तंतू पांढराशुभ्र करून छपरावर घातला, तर तो ऊन परत फेकतो आणि स्वतःची उष्णताही आकाशात सोडून देतो. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. कोळशाची पूड चोळलेली कापडाची पट्टी एका टोकाला ओली झाली की ओलावा पुढे सरकताना थोडी वीज तयार होते. थोडी म्हणजे किती, तर मिलिव्होल्टमध्ये. पण होते! डोक्यातून जाईना.

चौकातल्या राजकुमारच्या रसवंतीवर गेलो. म्हटलं, चिपाडं हवीत, दोन पोती. त्यानं मला खालून वर पाहिलं. "म्हैस घेतली काय, भाऊ?"

९ मार्च, रविवार

चिपाडं गच्चीवर आणली आणि गावभरच्या मुंग्यांना आमचा पत्ता कळला. साखर धुऊन काढायला हवी होती, ते मला सुचलं नाही. मेघा म्हणाली, "संशोधन चालू द्या, फक्त माझ्या ब्लाउजपिसात मुंग्या आल्या तर तुम्हालाच शिवून टाकीन."

धुण्याच्या सोड्यात चिपाडं उकळली, कुटली, धुतली. लगद्यात पाण्यात विरवलेला चुना आणि मक्याची खळ घालून जुन्या साडीवर थापली. वाळल्यावर अंगठ्याएवढ्या जाडीची पांढरी चटई झाली. हात सोलवटलेत, पण चटई पाहून बरं वाटतंय.

आई पायरीवर बसून पाहत होती. चटईला हात लावून म्हणाली, "हे तर बारदानच हाय की."

आम्ही लहान असताना आई बांधकामावर होती. नवीन स्लॅब आणि खांब चिरू नयेत म्हणून त्यांवर गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारायचं, हे तिचं काम. दहा वर्षं केलं. तिला बारदान आठवणारच.

"मग ह्याला पाणी कवा मारायचं?" तिनं विचारलं.

मी हसलो. म्हटलं, आई, हे नवं तंत्र आहे. ह्याला पाणी नाही, वीज नाही, माणूस नाही. आपलं आपण गार राहतं. तिनं चटई उलटी करून पाहिली. "बरं," म्हणाली.

१६ मार्च, रविवार

पत्र्यावर चटया अंथरल्या, तारेनं बांधल्या. एका कडेला कोळशाची पट्टी. कपाशीची वाळकी पऱ्हाटी जाळून कोळसा केला आणि सुती कापडावर चोळला. पट्टीची दोन टोकं आणि खोलीतला तापमापक, सगळं जुन्या लॉगरला जोडलं. हे यंत्र दर दहा मिनिटांनी आकडा टिपून ठेवतं. कंपनीच्या रंगभट्टीतलं, मोडीत निघालेलं. हे मात्र रीतसर कागद करून आणलंय.

१७ मार्च, सोमवार

बाहेर ३९. खोलीत ३९.८. नुसता पत्रा असता तर चव्वेचाळीस असतं, म्हणजे चार अंशांचा फरक पडला. पण छत्तीस कुठं!

जेवताना मेघाला सांगत होतो की अजून महिना तापायचंय, हे काही जमत नाही, दादाला फोन करून टाकतो. आई वाढत होती. तिचा हात आमटीच्या पळीवर थांबला. "यवढ्यात नगं करू फोन," म्हणाली, "चार दिस बघ." आई धीर देते तेव्हा मला लहान झाल्यासारखं वाटतं. आवडतंही.

पट्टी गप्प. शून्य.

२० मार्च, गुरुवार

३६.१!!

बाहेर चाळीस, खोलीत ३६.१. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरा तापमापक लावला. तोही तेच सांगतो. चटईला मुरायला तीन दिवस लागत असणार. लोणचं मुरतं, मग चुना का मुरणार नाही? आईला सांगायला धावलो. ती खोलीत आडवी पडली होती, पदर ओलाचिंब. म्हणाली तोंड धुतलं. "व्हय का? लई चांगलं झालं," म्हणाली आणि चक्क हसली.

२३ मार्च, रविवार

३९.९. का?

दिवसभरात सात वेळा वर जाऊन आलो. तारा पाहिल्या, चटया पाहिल्या. सगळं जागच्या जागी. आई अस्वस्थ होती, सारखी विचारत होती, "तुला कुटं बाहेर जायचं नाय का आज?" माझ्या चिंतेनं तिलाही घोर लागतो.

२५ मार्च, मंगळवार

काल आणि आज पुन्हा छत्तीसच्या आसपास. आणि आता खरी गंमत. पट्टी बोलायला लागली आहे! लॉगर उघडून पाहिला तर दहा वाजून चाळीस मिनिटांनी शून्यावरून एकदम ३२० मिलिव्होल्ट. मग हळूहळू उतार. पुन्हा एक वाजून वीस मिनिटांनी उडी. पुन्हा तीनच्या जरा आधी. मागे जाऊन पाहिलं तर गुरुवारपासून रोज हेच, त्याच वेळांना, दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे. फक्त रविवारी नाही.

ओलावा लागतो म्हणे, पण मार्चच्या दुपारी पत्र्यावर ओलावा येणार कुठून? चटई हवेतून दमट कण ओढून घेते आणि ठरावीक तापमानाला सोडते का? की तांब्याच्या तारेचा आणि चुन्याचाच काही खेळ आहे? तीन पानं नुसत्या शक्यता लिहिल्या. फार दिवसांनी शाळेतल्यासारखं वाटतंय.

पत्र्याच्या कडेला दुपारी चिमण्या बसतात, असं मेघा म्हणाली. चोच खाली करून काहीतरी टिपतात म्हणे. चिपाडातली साखर राहिली असणार.

२८ मार्च, शुक्रवार

देवेश कुलकर्णी साहेबांना डबा खाताना आलेख दाखवला. साहेब आमच्या लाइनचे इंजिनिअर, मुंबईहून शिकून आलेले. त्यांनी चष्मा वर केला आणि दहा सेकंदांत म्हणाले, "प्रणय, हे रोज तीनदा ओलं होतंय."

म्हटलं, सर, पाऊस नाही, नळ नाही. पाणीच आमच्याकडे तीन दिवसांआड येतं.

"मग कोणीतरी ओतत असेल."

माणसं दुसऱ्याचं नवं काही पाहिलं की आधी शंका घेतात. सांगितलं, तिथं फक्त माझी आई असते आणि ती अडुसष्ट वर्षांची आहे. ते "हं" म्हणाले आणि त्यांनी मला लोणचं दिलं.

३० मार्च, रविवार

पुन्हा ४०.२. पट्टी मेलेली.

रविवारचं गणित काय आहे? वाळूजचे कारखाने बंद असतात, धूर कमी, म्हणून ऊन जास्त पोचतं? पण पाडव्यामुळे निम्मे कारखाने कालच बंद होते, आणि काल ३६.३ होतं. मेघा पुरणपोळी लाटता लाटता म्हणाली, "मला तर एवढाच फरक दिसतो, की रविवारी तुम्ही घरी असता."

ती टोमणा मारत होती, पण मी जागच्या जागी थांबलो. बरोबर आहे! माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता निघते. मी दिवसभर वरखाली करतो, दार उघडतो, गरम हवा आत घेतो. पुढच्या रविवारी मी घरात थांबायचंच नाही. प्रयोग करून पाहू.

६ एप्रिल, रविवार

सकाळच्या एसटीनं पैठणला गेलो. धरणाच्या भिंतीकडे तोंड करून पेरू खाल्ले आणि संध्याकाळी परतलो. दिवसभर ऊन खाण्याशिवाय दुसरं काम नव्हतं.

३५.८.

सिद्ध झालं. माझ्याच अंगाची उष्णता. मेघाला सांगितलं तर ती साडीच्या पदरात तोंड घालून इतकी हसली की मशीनची सुई मोडली. आई मात्र हसली नाही. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "लई उन्हात हिंडू नगं, बाबा."

९ एप्रिल, बुधवार

दादाला रोज आकडा पाठवतो. कालपर्यंत पाच दिवस छत्तीसच्या खाली. आज त्याचा निरोप आला, "मानलं तुला." थोरल्या भावाकडून हे ऐकायला मला त्रेचाळीस वर्षं लागली.

घरात मात्र कुरबूर. ड्रम दुसऱ्याच दिवशी तळाला जातोय. मेघाला म्हटलं, तुझ्या शिवायला येणाऱ्या बायका पाणी पितात की नेतात? ती म्हणाली, "बायकांना नका मधे ओढू. जरा आईंकडे बघा. अंग कसं कोरडं पडलंय, आठ दिवस धड आंघोळ नाही." मी म्हटलं, उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांची त्वचा कोरडी होतेच. खोबरेल आणून दिलं.

११ एप्रिल, शुक्रवार

जे घडलं ते तसंच लिहितो. मला शोभणारं नाही.

कन्व्हेअर बंद पडला म्हणून साडेबाराला सोडलं. घरी आलो तेव्हा दीड वाजायचा होता. मोटारसायकल चौकातच पंक्चर झाली, म्हणून पायी आलो आणि आवाज झाला नाही. गच्चीच्या जिन्यावर शेवटच्या पायरीला आलो आणि आई दिसली.

पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ती उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पदर, पायाशी अर्धी बादली. हातात तांब्या. एका झटक्यात तांब्या असा फिरवत होती की पाण्याचा पापुद्रा पंख्यासारखा पसरून चटईच्या वरच्या काठावर पडायचा. एक थेंब वाया नाही. आधी चढाला, मग कडांना, शेवटी एक हलका हात मधे. पाणी वरून खाली झिरपत यायचं आणि चटई करडी होत जायची. दहा वर्षांचा सराव त्या मनगटात होता. मी इतकं चांगलं काम कंपनीत कुणाला करताना पाहिलेलं नाही.

आणि मी काय केलं? ती पडेल, हे माझ्या मनातच आलं नाही. मी ओरडलो, "आई, माझे सगळे आकडे खोटे केलेस तू!"

ती दचकली. कठडा धरून खाली उतरली. मी बोलतच होतो. दादाला काय सांगू, कंपनीत काय सांगू, तीन आठवडे फुकट. पैठणला जाऊन बसलो मूर्खासारखा. ती बादलीशी खाली बसली. बादलीतल्या पाण्यावर साबणाचा तवंग होता. तिच्या आंघोळीचं पाणी.

"तुझे आकडे ऱ्हाऊ दे तिकडं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला पुण्याला जायाचं नाय."

मी पुढे येऊन तिच्यासमोर बसलो.

"इंदर वाईट नाय. सून वाईट नाय. पर तिथं दार लावलं की लावलं. इथं विहारात चार जणी वाट बघत्यात. जयंतीची खीर माझ्या हातची लागती त्यास्नी. तिथं मी कुणाची वाट बघू? लिफ्टची?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलं व्हतं का कुणी?"

१२ एप्रिल, शनिवार

वही पहिल्यापासून वाचली. २ मार्चला मी लिहिलंय, "आईला जाऊन सांगितलं." विचारलं असं कुठंच नाही. तापमान विचारलं, पट्टीला विचारलं, चिमण्या का येतात तेही विचारलं. मला स्वतःची फार लाज वाटते.

मेघाला म्हटलं, तुला माहीत होतं. "पहिल्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "आईंनी शपथ घातली होती. आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा घालणाऱ्याला किती खुणा द्यायच्या? रविवारचं तर तोंडावर सांगितलं." मी रागावणार होतो, पण कोणत्या तोंडानं?

दादाला खरं ते सगळं कळवलं. पाण्याशिवाय चाळीस, पाण्यानं छत्तीस. रोज ते पाणी आई टाकीवर चढून मारत होती, हेही लिहिलं. त्याचा लगेच फोन आला. फार बोलला. शेवटी म्हणाला, "पंधराला येतोय. आईची पिशवी भरून ठेव."

१३ एप्रिल, रविवार

सकाळी आईला विचारलं, पाणी तीनदाच का मारायचं? खरंच विचारलं. ती पाऊण तास बोलली. पहिलं अकराच्या आत, पत्रा तापायच्या आधी. तापल्यावर मारलं तर निम्मं वाफ होऊन जातं. मारायचं ते आधी चढाला, खाली आपोआप येतं. संध्याकाळी मारायचंच नाही, बारदान रोज एकदा खडखडीत वाळलं नाही तर कुजतं. "आन् तुझं हे बारदान गोणपाटापेक्षा भारी हाय," म्हणाली. "पानी धरून ठेवतंय. गोणपाटाला पाच बादल्या लागल्या असत्या, ह्याला दीड पुरती." मला वीस वर्षांत कुणी दिलं नाही असं प्रमाणपत्र मिळालं.

म्हणजे चटई फसली नव्हती. तिला पाणी नको, हा माझा हट्ट फसला होता.

जाधववाडीतून ठिबकची नळी आणली, पत्र्याच्या चढावर आडवी बांधली. आंघोळीचं आणि भाज्या धुतलेलं पाणी गाळून एका जुन्या ड्रममध्ये, तो टाकीच्या कठड्यावर. मी सकाळी भरायचा. नळीची चावी खाली, आईच्या दाराशी. आता कुणी वर चढायचं नाही. पट्टीलाही काम लागलं. अशा बारा पट्ट्या एकामागे एक जोडल्या, तर नखाएवढा लाल दिवा मिणमिणतो. चटई ओली तोवर दिवा, वाळली की विझतो. विझला की चावी सोडायची. आई दोनदा विझवून-पेटवून पाहत बसली. "ह्याला वीज लागत नाय?" म्हटलं, हीच वीज आहे. "आन् आली कुटनं?" म्हटलं, तुझ्या आंघोळीच्या पाण्यातनं. ती एवढी हसली की तिला ठसका लागला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आई पहाटेपासून विहारात. खिरीचं पातेलं तिच्या उंचीचं होतं आणि भोवती सात-आठ बायका तिला विचारून विचारून साखर घालत होत्या. मी लांबून पाहत होतो. गुलमंडीतून मेघानं आणलेली पांढरी साडी तिला छान दिसत होती. आज काही मोजलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

दादा बाराला आला. म्हटलं, पिशवी उचलायच्या आधी एकदा तीनचा आकडा स्वतः बघ, तोच शेवटचा. जेवला आणि दोन वाजता आईच्या खोलीत खुर्ची टाकून बसला. मी, मेघा, आई खाटेवर. एकदा लाल दिवा विझला, आईनं चावी सोडली, दहा मिनिटांनी पेटला. दादानं वळून पाहिलं, पण विचारलं नाही.

तीन वाजले. बाहेर ४२, यंदाचा सगळ्यात तापलेला दिवस. मी तापमापक वाचला. पुन्हा वाचला.

"किती?" दादा म्हणाला.

"छत्तीस पॉइंट सात."

खोटं सांगायचं मनात आलं नाही असं नाही. आलं. दादानं मान हलवली. त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हेही लिहायला हवं. "बोलल्याप्रमाणे झालं नाही, प्रणय. पॉइंट सातनं का असेना. मे महिना अजून पुढे आहे. मला गेल्या वर्षीचा फोन विसरता येत नाही रे."

मी वही मिटली. म्हटलं, "दादा, ही अट तू आणि मी घातली होती. एकदा तिला विचार."

"काय विचारू?"

"तिला कुठं राहायचंय ते."

दादा आईकडे वळला. मला वाटतं त्यानंही कधी विचारलं नव्हतं, कारण त्याला शब्द सापडेनात. खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "आई," म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"

आईनं घाई केली नाही. पदरानं तोंड पुसलं. दोन्ही मुलांना आळीपाळीनं पाहिलं. मला वाटलं आता रडेल.

"येईन की पुण्याला," ती म्हणाली. "आठ दिस. पोरांची शाळा सुरू व्हायच्या आधी. आन् तिकीट काढशील तर परतीचं आधी काढ, मला बघू दे, मग जायाचं."

दादानं खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं, "कोणत्या तारखेला परत यायचं म्हणतेस?"

"तूच सांग आता," आई मला म्हणाली, "तुझ्या त्या वहीत बघून." मी म्हटलं, वहीत नाही, तू सांग. तिनं बोटांवर मोजलं. एकतीस मेला जायचं, आठ जूनला परत.

दादानं माझ्यासमोर ते तिकीट काढलं आणि आईला दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण तिनं मोबाइल हातात घेऊन नीट पाहिला. मगच तो दुसरं तिकीट काढायला लागला.